बेटावरचे कोरडे रविवार

“ओ बाई! छत्री बाजूला घ्या! पाऊस अडतोय!”

मला आयुष्यात बऱ्याच कारणांनी ओरडा बसला आहे. पाऊस अडवला म्हणून ओरडा खायची ती पहिलीच वेळ.

झालं असं, की बोटीतून उतरून मी वीस मिनिटं टेकडी चढले होते. खांद्याला लॅपटॉप, हातात बॅग. माथ्यावर पोचते न पोचते तोच सर आली. समोर तारेचं कुंपण होतं, फाटक उघडं होतं आणि आतल्या हिरवळीवर गुडघ्याएवढं एक पितळी नळकांडं उभं होतं. मी आत शिरले, बॅग त्या नळकांड्याशेजारी टेकवली आणि दोघांवर मिळून छत्री धरली — म्हणजे बॅगेवर आणि माझ्यावर. नळकांडं त्यात आपसूक आलं.

आणि मग हा पळत आला. छत्री नाही, रेनकोट नाही, चष्म्यावर पाणी. माझ्यासमोर उभा राहून तो माझ्याकडे नाही, त्या नळकांड्याकडे बघत होता.

“हे पर्जन्यमापक आहे,” तो म्हणाला.

“बरं.”

“तुमच्या छत्रीखाली सध्या पाऊस शून्य आहे. बेटावर शून्य नाहीये.”

मी बाजूला झाले. त्याने खाली बसून नळकांड्याचं तोंड नीट तपासलं आणि विचारलं, “किती वेळ उभ्या होतात?”

“दोन मिनिटं… तीन असतील.”

खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली, वाकून स्वतःच्या पाठीचं छप्पर केलं आणि लिहिलं. मी मान लांब करून वाचलं. ‘दुपारी ३.१०. अंदाजे तीन मिनिटं छत्री.’

“हे लिहिता तुम्ही?”

“झालं ते लिहायचं असतं.” आता कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला शर्टाची कोरडी जागा शोधू लागला. तशी जागा उरली नव्हती. मी माझा रुमाल पुढे केला. त्याने चष्मा पुसला आणि रुमाल खिशात घातला. स्वतःच्या.

आता माझ्याबद्दल. मी एका प्रवासी कंपनीत पुस्तिका लिहिते. कुठे कधी जावं, कधी जाऊ नये, काय कपडे न्यावेत. सव्वीस ठिकाणांबद्दल लिहिलंय, त्यांतली पाहिलेली तीन. अभिमानाने सांगावं असं यात काही नाही, पण आमच्या धंद्यात असंच चालतं.

या बेटाचं पान चौदावं. ते लिहिताना मी हवामान खात्याचा छापील खंड मागवला होता. रोजच्या पावसाचे आकडे, सत्तावीस वर्षांचे, दोन वर्षांपूर्वीपर्यंतचे. दुसऱ्या कुणी महिन्याच्या बेरजा बघून पुस्तक मिटलं असतं. मला मेलीला नसती हौस. एकेक दिवस बघत गेले आणि मला दिसलं, की शेवटची सोळा वर्षं बेटावर रविवारी पाऊसच पडलेला नाही. शनिवारी धो धो, सोमवारी त्याहून धो धो, आणि मधला रविवार ठणठणीत कोरडा. असे आठशेहून जास्त रविवार! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली होती. छापलं: ‘या बेटावर रविवारी पाऊस पडत नाही. सोळा वर्षांची सरकारी नोंद साक्षीला आहे.’

पान गाजलं. किनाऱ्यावर लग्न करणाऱ्यांची रीघ लागली आणि जो तो रविवार मागू लागला. मग जूनच्या पहिल्या रविवारी एका लग्नात असा पाऊस झाला, की तंबूचं कापड नवऱ्याच्या मामांवर पडलं आणि केक समुद्राच्या दिशेने वाहत गेला. नवरीच्या आत्याने आमच्या बाईंना, म्हणजे माझ्या मालकिणीला, फोन करून जे सुनावलं, ते बाईंनी तिखटमीठ लावून मला सुनावलं.

“त्या वेधशाळेचं सही-शिक्क्याचं पत्र आण,” बाई म्हणाल्या. “आकडे खरे आहेत असं तरी, नाहीतर का चुकले ते तरी. सोमवारच्या बोटीने परत ये. हात हलवत आलीस, तर ऑफिसात येऊच नकोस.”

बाई बोलतात तसं करतात. माझ्या आधीच्या पुस्तिकावालीला त्यांनी एका उलट्या छापलेल्या नकाशापायी घरी बसवलं होतं. गुरुवारची बोट, सोमवारची बोट आणि मधले तीन दिवस. तेवढ्यात पत्र मिळालं तर नोकरी, नाहीतर नाही.

वेधशाळा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वाऱ्याचा वेग दाखवणारी तबकडी, पाऊस मोजायचा काचेचा उभा पेला आणि कपाटभर नोंदवह्या. मागच्या खोलीत तो राहायचा. भिंतीवर एक चौकट टांगली होती. ‘सत्तावीस वर्षांच्या सेवेत नोंदीला एकही खाडा नाही.’

“तुम्ही सत्तावीस वर्षं…?”

“मी एकूणच तेवढा आहे,” तो म्हणाला. “ते अण्णांचं. माझे वडील. आधी निरीक्षक तेच होते. मला दोन वर्षं झाली.”

मी माझं काम सांगितलं. रविवार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बंद झाला. दुकानाची फळी खाली येते तसा.

“पत्र सोमवारी देतो,” तो म्हणाला.

“आज का नाही?”

“शिक्का… शोधावा लागेल.”

शिक्का टेबलावर, आमच्या दोघांच्या बरोबर मधे होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

बेटावर त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात, हे मला लॉजवर कळलं. लॉज चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी खोलीची किल्ली देता देताच त्याची कुंडली मांडली.

“सरळ आहे गं पोरगा. फार सरळ आहे, तेच तर दुखणं आहे. गेल्या वर्षी माझं छप्पर गळलं. मी म्हटलं, बाबा, रात्री केवढा पडला रे! तर म्हणतो, चौऱ्याण्णव पूर्णांक दोन. अरे, माझ्या गादीवर किती पडला ते सांग की!”

शुक्रवारी मी पुन्हा टेकडी चढले. निमित्त शिक्क्याचं. तो ‘शोध’ चालू होता, म्हणून मी खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली.

“बेटावर यायचा उत्तम काळ कोणता?”

“तुमच्या पुस्तिकेत काय आहे?”

“डिसेंबर ते एप्रिल. पाऊस नाही, समुद्र शांत.”

“मग तेच असू द्या. तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते, विहिरी तळाला जातात आणि मावशी दुप्पट भाडं घेतात. पण समुद्र शांत असतो, हे खरंय.”

“मे?”

“मे महिन्यात मीसुद्धा चिडतो.”

“ते बघायला तिकीट लावता येईल,” मी म्हणाले. तो हसला नाही, पण पेन्सिल उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

“जून ते ऑगस्ट… बहुतेक दिवशी दुपारी तीन ते पाच सर येते. बाकी दिवस लख्ख. तीन ते पाच माणसाने झोपावं, म्हणजे पाऊस आला होता हे कळतसुद्धा नाही. ऑक्टोबरात समुद्र गढूळ असतो.”

“सप्टेंबर राहिला.”

“सप्टेंबरात येऊच नये. वादळं असतात. बोट आली तर आली, नाहीतर आठ-आठ दिवस नाही. माणूस अडकून पडतो.”

“कुणाबरोबर अडकतो त्यावर आहे,” मी म्हणाले. आमचं आपलं हे असं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याच्या हातातली पेन्सिल पडली. ती उचलायला तो टेबलाखाली गेला आणि एका पेन्सिलीसाठी लागतो त्याहून बराच जास्त वेळ तिथे राहिला.

“आणि नोव्हेंबर?” मी टेबलाखाली विचारलं.

तो वर आला, दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. डोंगर हिरवा, ओढे वाहते, पाणी स्वच्छ, आणि गावात एक पाहुणा नाही. पण ते छापू नका… तो आमचा आहे.”

मी ते वहीत लिहिलं नाही.

शनिवारी त्याने मला पाऊस मोजायला शिकवलं. नळकांड्यातली बाटली काढायची, पाणी पेल्यात ओतायचं, पेला टेबलावर ठेवायचा आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. वरून बघितलं तर आकडा चुकतो. मी वाकले. मी कुठली रेघ वाचतेय ते बघायला तोही पलीकडून वाकला. पेल्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्याचा चष्मा, मधे कालपासूनचं बेटावरचं पाणी.

“किती?” त्याने विचारलं.

“सात… पूर्णांक… तुम्ही जरा मागे व्हा, मला आकडा दिसत नाहीये.”

तो मागे झाला. आकडा तरीही दिसेना.

निघताना त्याने माझा रुमाल परत दिला. धुतलेला, चार घड्या घातलेला आणि चांगलाच ओलसर. “हवा दमट आहे,” तो म्हणाला. “वाळायला अडतीस तास लागतात. अजून तीन बाकी आहेत.”

सव्वाचार वाजले होते. मला तो आवडला. वेळ लक्षात ठेवायची सवय मला त्याच्यामुळेच लागली.

“मला तू म्हटलं तरी चालेल,” मी फाटकाशी म्हणाले.

“सवय व्हायला वेळ लागेल.”

“किती?”

“मी अंदाज देत नाही,” तो म्हणाला. “मी फक्त पडलेला पाऊस मोजतो.”

रविवारी पहाटेपासून पाऊस होता. मी लॉजच्या खिडकीतून त्याच्याकडे रागाने बघत होते, जसा काही तो मुद्दाम माझ्यावर आला होता. साडेआठला टेकडीवर पोचले आणि छत्री धरून कुंपणाबाहेरच उभी राहिले. तो आत होता. पेला तीनदा भरला.

“एकतीस पूर्णांक चार,” त्याने मला ऐकू जाईल असं म्हटलं आणि लिहिलं.

“म्हणजे रविवारी पडतो.”

“पडतो. दोन वर्षं दर रविवारी मोजतोय मी.”

“आणि त्याआधीची सोळा वर्षं?”

तो आत गेला. मीही गेले. स्टोव्हवर चहा ठेवून, माझ्याकडे पाठ करून त्याने सांगितलं. पाठ करून सांगणं त्याला सोपं गेलं असावं.

“आई नर्स होती. समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात तिची बदली झाली, ती सोळा वर्षं टिकली. शनिवारी संध्याकाळच्या होडीने यायची, सोमवारी पहाटे जायची. आमचं घर बेटाच्या पलीकडच्या अंगाला, इथून तासाभराची चाल. अण्णा रविवारी नोंदीला आले असते, तर अर्धा दिवस जाण्यायेण्यातच गेला असता. मग ते आलेच नाहीत. रविवारी शून्य लिहायचे आणि सोमवारी दोन्ही दिवसांचं पाणी एकदम मोजायचे.”

“एकदाही आले नाहीत?”

“एकदाही नाही. आम्ही तिघं पडवीत बसायचो. मला लहानपणी वाटायचं, रविवारचा पाऊस मोजायचा नसतोच. तो नुसता बघायचा असतो.”

चहा उतू गेला. त्याने तो पुसला.

“महिन्याची बेरीज बरोबर आहे,” तो म्हणाला, “वर्षाची बरोबर आहे. एक थेंब इकडचा तिकडे केला नाही त्यांनी. फक्त एक दिवस उशिरा लिहिला. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच महिन्यात त्यांनी निवृत्ती घेतली. खात्याने समारंभ करून ही चौकट दिली. मी नंतर वह्या उघडल्या, तेव्हा कळलं मला. कुणाला बोललो नाही.”

मी चौकटीकडे पाहिलं. एकही खाडा नाही. आता सगळं समोर होतं. आकडे खरे आहेत असं तो लिहूच शकत नव्हता, तीन मिनिटांची छत्री लपवता न येणारा माणूस तो. आकडे खोटे आहेत असं लिहिलं, तर अण्णांची सत्तावीस वर्षं दोन ओळींत मातीत. आणि काहीच नाही लिहिलं, तर माझी नोकरी. आपलेच दात, आपलेच ओठ, अशी त्याची गत झाली होती, आणि त्यात मी जाऊन बसले होते.

“अण्णांकडे जेवायला चला,” तो म्हणाला. “दर रविवारी जातो मी, नोंद झाल्यावर.”

अण्णा बुटके, गोल आणि एका कानाने अधू होते. भात-मासे त्यांनी स्वतः रांधले होते आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत ते माझ्याशी बोललेच नाहीत. मग म्हणाले, “पोरी, तू काय करतेस?” मी सांगितलं. त्यांनी पुस्तिका मागितली. ती बॅगेत होती. नसती तर बरं झालं असतं. चष्मा चढवून त्यांनी चौदावं पान मोठ्याने वाचलं. “‘सरकारी नोंद साक्षीला आहे.’” चष्मा काढला. “यावर लोकांची लग्नं ठरतात?”

“ठरत होती,” मी म्हणाले.

ते मुलाकडे बघत राहिले. मुलगा माशाचे काटे काढत होता, सगळे निघाले होते तरी. “तुझी आई असती तर पोट धरून हसली असती,” अण्णा म्हणाले आणि पुस्तिका मिटून मला परत दिली. बाहेर पडवीत पाऊस चालू होता. तिथे तीन खुर्च्या होत्या.

परतीच्या वाटेवर मीच विषय काढला. “पत्र नको मला.”

“मग तुमच्या बाई?”

“त्यांना सांगेन, चूक माझी. आणि ती आहेच. प्रत्येक सोमवार दुप्पट होता, मला दिसलं होतं ते. पण विचार करायच्या जागी मी टाळी वाजवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे ती झाकलेली.”

“नोकरी जाईल.”

“दुसरी बघेन,” मी हे असं म्हटलं, जसं काही नोकऱ्या रस्त्याच्या कडेला उगवतात. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मला माझी नोकरी प्रिय होती आणि हा माणूस आवडत होता, आणि दोन्ही एकाच कागदात अडकलं होतं.

ओढा ओलांडल्यावर तो म्हणाला, “उद्या सोडायला येता येणार नाही. साडेआठला बोट, साडेआठलाच नोंद.”

“माहितीये.”

“दोन वर्षांत एकदाही चुकलो नाही.”

“माहितीये म्हटलं ना!” मी म्हणाले, आणि लॉजपर्यंत आम्ही दोघंही समोर बघत चाललो. मला दारापाशी सोडून तो उलट फिरला आणि पुन्हा अण्णांच्या घराच्या वाटेला लागला. मला वाटलं, छत्री विसरला असेल. मग आठवलं, त्याच्याकडे छत्रीच नाही.

सोमवारी धक्क्यावर भुरभुर होती. मावशी मला पोचवायला आल्या होत्या, डब्यासकट.

“मिलिमीटर नाही आला?”

“त्याची नोंदीची वेळ आहे.”

“वेळ म्हणे!” मावशींनी नाक मुरडलं.

मी टेकडीकडे पाहिलं. धक्क्यावरून कुंपण बोटभर दिसतं. आत कुणी नव्हतं. आठ पंचवीस झाले होते. आत असेल, मी म्हटलं, पेला पुसत असेल. आणि तेवढ्यात मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढत तो पळत आला. चष्म्यावर पाणी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाकीट.

“घड्याळ बघितलंस का?” मी विचारलं. “आता पळत गेलास तरी पोचणार नाहीस.”

“हो.”

“म्हणजे आज खाडा.”

“आज खाडा.”

“मग काय, अण्णांसारखं शून्य?”

“नाही. रेघ मारणार. रेघ म्हणजे नोंद घेतली नाही.” त्याने पाकीट पुढे केलं. “रविवारचं सगळं यात आहे. मी लिहिलं, अण्णांनी सही केली.”

“अरे, पण अण्णा…”

“काल त्यांना तुझ्या बाईंचं सांगितलं. म्हणाले, ‘माझ्या रविवारांपायी त्या पोरीने घरी बसायचं का? उतरव ती चौकट. सोळा वर्षं रविवार उपभोगले, वर चौकटही पाहिजे होय मला?’ पुस्तिकेत नाव तेवढं घालू नको म्हणाले. बाकी खुशाल छाप.”

तो ‘तुझ्या’ म्हणाला होता. ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

“शिक्का सापडला तर,” मी म्हणाले.

“सापडला.” त्याने मान खाली घातली, मग वर केली. “एक सांगायचं होतं. मला तू आवडतेस… गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांपासून. वहीत आहे.”

“वहीत छत्री आहे.”

“छत्री लिहिली. बाकीचं त्या रकान्यात बसत नव्हतं.”

बोटीचा भोंगा झाला. मी काहीतरी छान बोलायला हवं होतं. लिहिण्यावर पोट असलेली बाई मी, पण केलं भलतंच. रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा पुसला आणि रुमाल खिशात घातला. स्वतःच्या. मावशी समुद्राकडे तोंड करून अगदी मन लावून डब्याचं झाकण लावत होत्या. डबा माझ्याकडेच द्यायचा होता, ते मावशींना बोट सुटल्यावर आठवलं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून बाजूला ठेवला. “नवीन पान लिही,” एवढंच म्हणाल्या.

मी लिहिलं: ‘या बेटावर रविवारीही पाऊस पडतो. पडत नाही असं आम्ही छापलं होतं, ती आमची चूक. सोळा वर्षं रविवारचा पाऊस मोजला गेला नाही, कारण मोजणारा त्या दिवशी बायकोबरोबर पडवीत बसून तो बघत असे. आपणही तसंच करावं.’ त्याखाली महिने दिले. डिसेंबर ते एप्रिल उत्तम, जून ते ऑगस्ट दुपारी झोपावं, सप्टेंबरात जाऊ नये. नोव्हेंबरबद्दल काही लिहिलं नाही.

“हे पुस्तिकेत शोभतं का?” बाई म्हणाल्या, आणि छापलं. माझी नोकरी राहिली. रविवारची लग्नं मात्र पार कमी झाली. दोन जोडप्यांनी मुद्दाम रविवारच मागितला. दोनच. उगाच वाढवून सांगत नाही.

जुलैच्या अखेरीला जून महिन्याचा नोंदतक्ता माझ्या टेबलावर आला. मी आता तो दर महिन्याला मागवते, कामासाठी. तीस दिवस, बारीक सरळ अक्षर. रविवारी ३१.४. सोमवारी रेघ. मंगळवारी १८.६, ‘दोन दिवसांचा मिळून’. शेवटच्या रकान्यात खाड्याचं कारण लिहायचं असतं. तिथे आधी ‘खासगी’ असं लिहिलेलं होतं. मग ते खोडून, खाली स्वच्छ अक्षरात: ‘पुस्तिकावाली परत चालली होती. निरीक्षक धक्क्यावर.’

मी तो तक्ता दुपारपर्यंत समोर ठेवला. एक ओळ काम झालं नाही. मग उठून बाईंकडे गेले आणि सुट्टीचा अर्ज ठेवला.

“सप्टेंबर?” बाईंच्या भुवया वर गेल्या. “अगं, तूच छापलंयस, सप्टेंबरात जाऊ नये म्हणून.”

“ते पर्यटकांसाठी आहे,” मी म्हणाले.

बंदरावर पाच दिवस थांबल्यावर बोट सुटली. उतरणारी मी एकटीच होते. पाऊस आडवा येत होता. टेकडी चढले, कुंपणाशी पोचले, बॅग बाहेर ठेवली, छत्री मिटली आणि मगच आत पाऊल टाकलं. तो नळकांड्याचं नरसाळं तपासत गुडघ्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं. आधी नरसाळं नीट बसवलं, हलत नाही ना ते बघितलं आणि उठला. दारातून आतली भिंत दिसत होती. चौकटीच्या खिळ्याला आता माझं चौदावं पान टांगलं होतं.

“किती दिवस आहेस?” त्याने विचारलं.

“पुढची बोट येईपर्यंत.”

तो समुद्राकडे वळला. ढग बघितले, वारा बघितला. ओल्या चष्म्यातून त्याला काय दिसलं कोण जाणे.

“आठ दिवस तरी येणार नाही,” तो म्हणाला.

मिलिमीटरने आयुष्यात दिलेला तो पहिला अंदाज. तो चुकला. बोट पाचव्याच दिवशी आली, आणि मी तिच्यात बसले नाही.